कॅरिबियन क्रूझवर किनारा निवडताना वारा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत हल्ली कॅरिबियन क्रूझची वर्णने वरचेवर येतात. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ल्याची मुले अमेरिकेत नोकरीला असतात. आईवडील त्यांच्याकडे राहायला जातात आणि त्या मुक्कामात मायामी नाहीतर फोर्ट लॉडरडेलहून सात दिवसांची क्रूझ ठरते. पुरवणीतल्या वर्णनात जहाजावरचे तलाव, जेवण, नाटकगृह सगळे असते. पण जहाज बंदराला लागल्यावर हाती असणाऱ्या सात-आठ तासांत कुठे जायचे, हे 'नितांतसुंदर समुद्रकिनारे' एवढ्यावर उरकलेले असते. पैसे वाया जातात आणि मनस्ताप होतो तो नेमका इथेच. क्रूझ जहाजांच्या डेकवर आणि सहलींच्या काउंटरवर काम केलेले आम्ही काही कोकणवासी आहोत, म्हणून हे जरा लांबलेले पत्र. पुढच्या वेळी एखाद्या बंदराविषयी छापताना किनारा बेटाच्या कोणत्या अंगाला आहे, जहाज धक्क्याला लागते की बाहेर नांगरते, आणि किनाऱ्यापर्यंत जायला किती वेळ लागतो, एवढ्या तीन गोष्टी तरी द्याव्यात ही विनंती.

सर्वांत आधी वारा. आपल्याकडे समुद्रावर जायचे तर भरती-ओहोटी विचारतात, आणि ते बरोबरच आहे, कारण उधाणाला पाणी दोन मीटरच्या वर चढते-उतरते. कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी हा फरक दीड-दोन फुटांच्या आत असतो. तिथला किनारा ठरतो तो व्यापारी वाऱ्यांवर. हे वारे वर्षाचा बहुतेक काळ पूर्व-ईशान्येकडून वाहतात. त्यामुळे बेटाची पूर्व बाजू लाटांच्या तोंडावर असते आणि पश्चिम बाजू बेटाच्याच आडोशाला. आपला उघडा समुद्र पश्चिमेला आणि खवळतो तोही तिकडूनच, म्हणून कोकणातल्या माणसाला हा हिशेब उलटा करून घ्यावा लागतो. बार्बाडोसला पश्चिम किनाऱ्यावर आणि ब्रिजटाउनजवळच्या कार्लाइल बेमध्ये लहान मुलांना घेऊन पाण्यात बसता येते. त्याच बेटावर पूर्वेला बाथशेबा आहे. तिथे सर्फिंग करणारे जातात, कारण लाटा थेट अटलांटिकवरून येतात. इतरांनी तिथे कातळ आणि लाटा बघाव्यात, पाण्यात उतरू नये. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाचेही तेच. पश्चिमेला चांकनाब, पालांकार ही प्रवाळांची शांत बाजू आणि पूर्वेला देखणा, मोकळा, पण ओढ असलेला किनारा. फोटोत दोन्हीकडचे पाणी सारखेच निळे दिसते. म्हणून सहलीच्या पानावर किनाऱ्याचे नाव वाचले की नकाशा उघडून तो कोणत्या अंगाला आहे ते बघायचे, आणि मगच पैसे भरायचे.

याच वाऱ्यामुळे दुसरा त्रास होतो तो सरगॅसमचा. हे तरंगणारे तपकिरी समुद्रशेवाळ. २०११ पासून ते अटलांटिकमधून मोठ्या प्रमाणावर कॅरिबियनमध्ये येऊ लागले. जोर साधारण एप्रिल ते ऑगस्ट असतो आणि वारा ते पूर्वेच्या किनाऱ्यांवर आणून टाकतो. थर साचून कुजला की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. त्याला नासक्या अंड्यांचा वास असतो आणि दम्याच्या माणसाला त्याने खरोखर त्रास होतो. मेक्सिकोतले टुलुम, प्लाया डेल कार्मेन आणि सेंट मार्टिनचा ओरिएंट बे हे पूर्वाभिमुख असल्याने त्यांना याचा फटका बसतो. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी पश्चिमेचा किनारा धरावा. ठरवलेल्या किनाऱ्याचे त्याच आठवड्यातले फोटो शोधून पाहावेत. जाहिरातीतला फोटो जानेवारीतला असू शकतो.

या नियमाला अपवाद आहे हिवाळ्याचा. डिसेंबर ते मार्चमध्ये अमेरिकेतून थंड हवेच्या लाटा खाली उतरतात आणि दोन-तीन दिवस वारा उत्तरेचा किंवा वायव्येचा होतो. तेव्हा आडोशाची बाजूच उघडी पडते. ग्रँड केमनचा सेव्हन माइल बीच पश्चिमेला आहे, एरवी अगदी शांत. पण असा वारा सुटला की जॉर्जटाउनसमोर लाँच लावणे कठीण होते. मग जहाजे दक्षिणेच्या स्पॉट्स धक्क्याकडे जातात, नाहीतर बंदरच वगळतात. कोझुमेलला अशा वाऱ्याला 'नॉर्टे' म्हणतात आणि त्या दिवशी छोट्या नौकांना बंदी होते. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. तो सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शिगेला असतो. या काळात जहाजाचा मार्ग पूर्व कॅरिबियनऐवजी पश्चिमेला वळवणे ही नेहमीची गोष्ट आहे. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे बंदर वगळल्यास परत मिळतात. स्वतः बाहेर ठरवलेल्या सहलीचे मिळतील की नाही, ते त्या व्यावसायिकाच्या अटींवर असते. 'जहाज न आल्यास पूर्ण परतावा' हे वाक्य अटींत स्पष्ट नसेल तर आगाऊ रक्कम भरू नये. अरुबा, बोनेर आणि कुरासाव ही दक्षिणेची तीन बेटे वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहेत, त्यामुळे पावसाळी महिन्यांत तिकडचा मार्ग अधिक भरवशाचा.

आता धक्का की टेंडर. जिथे पाणी उथळ आहे किंवा मोठा धक्का नाही, तिथे जहाज बाहेर नांगरते आणि माणसे लाँचने नेतात; त्या लाँचलाच टेंडर म्हणतात. ग्रँड केमन आणि बेलिझ सिटी ही त्यातली दोन मोठी बंदरे. बेलिझला प्रवाळांच्या रांगेमुळे जहाज फार लांब थांबते, एकट्या लाँचच्या फेरीलाच वीस-तीस मिनिटे जातात. राजपुरीहून जंजिऱ्याला गेलेल्यांना हलत्या होडीतून पायरीवर पाऊल टाकणे म्हणजे काय ते माहीत आहे. टेंडरमध्ये आधाराला खलाशी दोन्ही बाजूंना असतात, पण पाऊल आपल्यालाच टाकावे लागते. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्यांनी, व्हीलचेअरवाल्यांनी हे आधीच विचारावे. समुद्र हलत असेल तर व्हीलचेअर उतरवत नाहीत. टेंडरच्या बंदरात जहाजाची सहल घेतलेल्यांना आधी उतरवतात, बाकीच्यांना नंबर घेऊन थांबावे लागते. तास-दीड तास असाच जाऊ शकतो. म्हणून टेंडर असलेल्या बंदरात आम्ही शक्यतो जहाजाचीच सहल घ्यायला सांगतो.

वेळेचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय काहीच ठरवू नये. समजा जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ५ बंदरात आहे. नऊ तास दिसतात. त्यातून स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळून दरवाजा उघडेपर्यंत अर्धा तास, लांबलचक धक्क्यावरून चालत बाहेर यायला दहा-पंधरा मिनिटे, आणि परत येण्याची शेवटची वेळ निघण्याच्या अर्धा तास आधी, म्हणजे ४.३०. टेंडर असेल तर शेवटच्या लाँचची वेळ धरायची, ती त्याहून लवकर असते. स्वतःच्या जबाबदारीवर फिरणाऱ्याने आणखी दीड तास राखून ठेवावा, कारण टायर पंक्चर होतो, एकच रस्ता असतो आणि त्यावर चार जहाजांच्या टॅक्स्या एकाच वेळी परत येतात. हातात उरतात साडेपाच-सहा तास. त्यात एक किनारा आणि जेवण नीट होते. दोन किनारे आणि बाजार असे ठरवले की तिन्ही अर्धवट राहतात आणि दिवस गाडीतच संपतो.

घड्याळाने होणारा घोटाळा वेगळाच आहे. कोझुमेल ज्या राज्यात आहे ते किंताना रू २०१५ पासून वर्षभर एकच वेळ पाळते, तर फ्लोरिडात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असते. फ्लोरिडाहून निघालेले जहाज आपली वेळ न बदलता तिथे आले, तर मोबाइल मात्र आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, एक तास मागची. मोबाइलवर ३.३० दिसतात तेव्हा जहाजावर ४.३० झालेले असतात. काही जहाजे वेळ बदलतात, काही बदलत नाहीत. उतरताना दरवाज्यावर जहाजाची वेळ लिहिलेली असते, ती पाहून मनगटी घड्याळ लावावे आणि दिवसभर मोबाइलच्या वेळेकडे बघू नये.

जहाजाची सहल महाग असते, पण ती उशिरा परतली तर जहाज थांबते किंवा कंपनी पुढच्या बंदरापर्यंत पोचवते. स्वतः फिरताना ही हमी नसते. त्यामुळे जागा लांब असेल, मध्ये फेरी बोट असेल किंवा बंदर टेंडरचे असेल तर जहाजाचे तिकीट घ्यावे. कोझुमेलहून टुलुमचे अवशेष बघायचे म्हणजे आधी पाऊण तास बोट, मग बस, आणि तेवढेच परत. हे स्वतः करू नये. याउलट किनारा टॅक्सीने अर्ध्या तासाच्या आत असेल, तर जहाजाच्या सहलीत फार अर्थ नाही. त्यात बस भरेपर्यंत थांबावे लागते, दुकानाजवळ थांबा असतो आणि वाळूवर मिळतात जेमतेम तीन तास. पोर्टो रिकोच्या सॅन हुआनला तर गाडीही नको. एल मोरो आणि सॅन क्रिस्टोबल हे किल्ले जुन्या शहरातच आहेत, धक्क्यापासून चालत जाता येते आणि एकाच तिकिटात दोन्ही होतात. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग पाहिलेल्याने ते आवर्जून पाहावेत. समुद्राकडची तटबंदी कशी बांधली आहे ते निवांत बघण्यासारखे आहे.

आता आमचे थोडे परखड मत. नारळ, वाळू आणि सूर्यास्त यांच्यासाठी कोकणातल्या माणसाने तिथे डॉलर मोजू नयेत. आपल्याकडे नद्या गाळ आणतात, पाणी गढूळ असते. कॅरिबियनमधली बरीच बेटे चुनखडीची आहेत, मोठ्या नद्या नाहीत, वाळूही मुख्यतः प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची. म्हणून पाणी तळापर्यंत दिसते. तिथे पैसे खर्च करायचे ते पाण्याखालचे पाहण्यासाठी. मालवण-तारकर्लीला स्नॉर्केलिंग केलेल्यांना हा फरक पहिल्या मिनिटात कळेल. होंडुरासच्या रोआतानला वेस्ट बेमध्ये प्रवाळ किनाऱ्यापासून पोहत जाण्याइतके जवळ आहेत, बोट लागत नाही (मात्र तिथे वाळूमाशा चावतात, औषध न्यावे). अमेरिकन व्हर्जिन बेटांपैकी सेंट जॉनवर ट्रंक बेमध्ये पाण्याखाली माहितीचे फलक लावलेली वाट आहे. पण ते शेजारच्या सेंट थॉमस बेटाच्या धक्क्यापासून टॅक्सी, रेड हुकहून वीस मिनिटांची फेरी बोट आणि पुन्हा टॅक्सी असे आहे. जाऊन-येऊन तीन तास धरावेत. तेवढा वेळ नसेल तर सेंट थॉमसचाच मॅगेन्स बे घ्यावा; खाडीच्या आत असल्याने पाणी शांत असते, पण स्नॉर्केलिंगला तो साधारणच. ग्रँड केमनला नॉर्थ साउंडमधल्या वाळूच्या पट्ट्यावर कमरेएवढ्या पाण्यात पाकट (स्टिंगरे मासे) अंगाशी येतात. तिथे पाऊल उचलून टाकायचे नाही, तळावरून घासत न्यायचे. पाकटावर पाय पडला तर ती काटा मारते.

पोहता न येणाऱ्यांसाठी हळूहळू खोल होणारा किनारा हवा: सेव्हन माइल बीच, अरुबाचा पाम बीच, किंवा अरुबाच्याच आग्नेय टोकाचा बेबी बीच, जो खडकांनी वेढलेला उथळ डोह आहे. क्रूझ कंपन्यांची बहामातली खासगी बेटेही त्यांना सोयीची. खुर्ची आणि दुपारचे जेवण बहुधा तिकिटात असते, जीवरक्षक असतात, वेळेची धावपळ नसते. छत्री, कबाना (सावलीची खासगी झोपडी), स्नॉर्केलचे सामान आणि वॉटर पार्क यांचे पैसे वेगळे पडतात. खुर्च्या सावलीत हव्या असतील तर पहिल्या तासात उतरावे. शाकाहारी जेवणाची सोय आदल्या रात्री जेवणघराच्या प्रमुखाला सांगून ठेवावी. जहाजातून फळे, पोळी-भाजी, शिजवलेले अन्न किनाऱ्यावर नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातली बिस्किटे चालतात.

जमैकातील डन्स रिव्हर धबधबा हा सहल म्हणून छान, पण तिथे चढायचे असते, नुसते बघायचे नसते. सुमारे १८० मीटर लांबीच्या ओल्या खडकांवरून हाताला हात धरून माणसांची साखळी वर जाते. गुळगुळीत तळव्याच्या चपलेने माणूस घसरतो आणि साखळीतल्या आणखी दोघांना घेऊन पडतो. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घरूनच न्यावेत. धबधबा ओचो रिओसजवळ आहे. जहाज फालमाउथला लागणार असेल तर बसमध्ये एकेका बाजूला तासाहून जास्त जातो, हे सहलीच्या नावावरून कळत नाही. सेंट लुसियाचे पिटॉन डोंगरही असेच: कॅस्ट्रीज बंदरातून वळणाचा रस्ता, ज्यांना आंबा घाट लागतो त्यांना तोही लागेल. त्यांनी कॅटमरान बोटीची सहल घ्यावी, समुद्रातून ते डोंगर दिसतातही जास्त चांगले. सेंट मार्टिनच्या माहो बीचवर विमाने डोक्यावरून उतरतात. उतरणारे विमान वाळूवरून बघायला हरकत नाही, पण उड्डाण करणाऱ्या विमानाच्या मागे कुंपणाला धरून उभे राहू नये. २०१७ मध्ये इंजिनाच्या झोताने एका पर्यटक महिलेचा तिथे मृत्यू झाला आहे.

स्नॉर्केलिंगचा मास्क गळतो त्याचे कारण बहुतेक वेळा मिशी किंवा मास्कच्या रबरी कडेखाली अडकलेले केस. मिशीवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. पट्टा फार आवळला तरी रबर दुमडून पाणी शिरते. चष्मा मास्कमध्ये बसत नाही. नंबरचे मास्क काही ठिकाणी भाड्याने मिळतात, आधी विचारावे. नवख्याने हवा भरायचे जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात उतरू नये, पोहता येत असले तरी. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावे, कारण नळीतून श्वास घेताना जास्त जोर लागतो आणि दमछाक लक्षात येत नाही. साडी किंवा ओढणी पाण्यात पायाला गुंडाळते. अंगभर घट्ट पोहण्याचा पोशाख घ्यावा, त्याने उन्हापासूनही बचाव होतो. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचे घ्यावे. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमवर अमेरिकन व्हर्जिन बेटांत २०२० पासून बंदी आहे, कारण ती प्रवाळाला मारक ठरतात.

किनाऱ्यावर जांभळा झेंडा असेल तर पाण्यात डंख करणारे जीव आहेत, दोन लाल झेंडे असतील तर पाणी बंद. बार्बाडोस, अँटिग्वा, व्हर्जिन बेटे अशा ठिकाणी वाळूला लागून मँचिनीलची झाडे असतात. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखे दिसते आणि ते विषारी आहे. चीक लागला तरी फोड येतात. पाऊस आला म्हणून या झाडाखाली उभे राहणे सर्वांत वाईट, पानांवरून ओघळलेले पाणीही अंग भाजते. लहान मुलांना पडलेली फळे उचलू देऊ नयेत. आणखी एक, जे इथे कोणी सांगत नाही: बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया, अँटिग्वा, ग्रेनाडा येथे लष्करी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाने घालणे हा गुन्हा आहे. मुलांची टोपी आणि बॅगही त्यात येते.

टॅक्सीत बसण्याआधी तीन प्रश्न: भाडे गाडीचे की माणशी, एका बाजूचे की दोन्ही, आणि कोणत्या डॉलरमध्ये. सेंट थॉमसला माणशी घेतात, कोझुमेलला गाडीचे. बार्बाडोस आणि बेलिझचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. पूर्व कॅरिबियनचे २.७० म्हणजे एक. केमनचा डॉलर मात्र अमेरिकेच्या डॉलरपेक्षा महाग आहे, तिथे मेनूकार्डवरचा आकडा फसवतो. सुटे एक आणि पाचचे अमेरिकी डॉलर बरोबर ठेवावेत. खरेदीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, धक्क्याबाहेरची दुकाने सगळीकडे सारखीच आहेत.

कागदपत्रांत एक गैरसमज पक्का बसला आहे. अमेरिकन शेजारी सांगतात की क्रूझला पासपोर्ट लागत नाही. ते अमेरिकन नागरिकांना, त्याच बंदरात परतणाऱ्या फेरीपुरते खरे आहे. भारतीय पासपोर्टवर जहाज अमेरिकेबाहेर गेले म्हणजे परतताना पुन्हा प्रवेश घ्यायचा असतो, त्यासाठी व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आणि मुदतीतला हवा. प्रत्येक बंदराचे व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी तपासावेत. एका बंदराचा व्हिसा नसला तर नुसते उतरू न देता चेक-इनलाच अडवू शकतात.

उतरताना पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवावा, मूळ प्रत मागणारे बंदर असेल तेवढा अपवाद. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो मोबाइलमध्ये, जहाजाचे कार्ड, फोटो असलेले एखादे ओळखपत्र, एक क्रेडिट कार्ड आणि रोजच्या गोळ्यांचा दोन दिवसांचा साठा अंगावरच्या पिशवीत असावा. त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचाही फोटो काढावा. जहाज चुकलेच तर धक्का सोडून हॉटेल शोधायला जाऊ नये, आधी त्या एजंटला फोन करावा. कर्मचारी तिजोरी उघडून पासपोर्ट बहुधा त्याच्याकडेच देऊन जातात. पुढच्या बंदराचे विमान स्वखर्चाने पकडावे लागते. त्या देशात विमानाने उतरायला आपल्या पासपोर्टला व्हिसा लागतो का, हे एजंटकडून कळल्यावरच तिकीट काढावे.

आपले,
क्रूझ जहाजांवर काम केलेले काही वाचक,
रत्नागिरी आणि मालवण